भाड्याच्या रुखवतातली रेवती

रुखवत भाड्यानं मिळतं, ही बातमी मला हेमांगीताई नावाच्या बाईंनी मुलुंडच्या माझ्याच घरात, माझाच चहा पीत पीत दिली. त्यांच्या मोबाइलवर सगळं तयार होतं. कागदाची सप्तपदी, सुपाऱ्यांचे भटजी, कापसाचा गणपती, लोकरीचं तोरण. सकाळी हॉलवर आणून मांडायचं, लग्न आटोपलं की उचलून न्यायचं. "काका, तुम्ही काही बघायचंच नाही. नवरीचं नाव तेवढं आम्ही दर लग्नाला बदलतो," त्या म्हणाल्या. नावाची पट्टी वेल्क्रोची असते म्हणे. एक नवरी ओढून काढायची, दुसरी चिकटवायची.

मी खवळलो. मुलगी माझी, लग्न माझ्या घरचं आणि रुखवत वेल्क्रोचं? माझ्या आईनं स्वतःच्या रुखवतात स्वतः विणलेला रुमाल ठेवला होता. त्यावर पोपट होता आणि तो कोंबडीसारखा दिसायचा, पण तो तिच्या हातचा होता. हे सगळं मी हेमांगीताईंना ऐकवलं. त्यांनी ते बिस्किट संपेपर्यंत ऐकून घेतलं.

"मग तुम्ही करता का रुखवत?" शुभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं. आमच्या संसारातल्या बहुतेक संकटांची सुरुवात 'मग तुम्ही करता का' या प्रश्नानं झालेली आहे.

"करतो," मी म्हणालो.

पण रुखवत म्हणजे टेबलभर पसारा असतो, हे दुसऱ्या दिवशी शांत डोक्यानं लक्षात आलं आणि मी तहाला तयार झालो. बाकीचं रुखवत हेमांगीताईंचं, पण मधोमध, वेगळ्या स्टँडवर, मी बनवलेलं स्क्रॅपबुक. जन्मापासून लग्नापर्यंतची आमची रेवती, फोटोंतून आणि कागदकामातून. लग्नानंतर ती कृणालबरोबर कोचीला राहायला जाणार होती. निदान तिचं लहानपण तरी माझ्या हातानं बांधून द्यावं, असं मला फार वाटत होतं. ते मी कोणाला बोललो नाही. मी फक्त "कागद कुठे मिळतात?" एवढंच विचारलं.

घाटकोपरच्या एका दुकानात मिळतात. तिथल्या मुलीनं मला विचारलं, "अंकल, थीम काय आहे?"

"मुलगी."

"ओके, बेबी शॉवर."

"नाही, लग्न आहे तिचं. पण सुरुवात जन्मापासून."

"मग अंकल, सगळंच लागेल," ती म्हणाली आणि तिनं खरोखरच सगळं काढलं. जाड कागद, पातळ कागद, सोनेरी कागद, नक्षीच्या चिकटपट्ट्या, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्ट्या, गुंडाळून फुलं करायच्या कागदी चिंध्या, नागमोडी कापणाऱ्या कात्र्या, गरम गोंदाचं पिस्तूल, आणि फुलपाखराच्या आकाराचं भोक पाडणारं एक यंत्र. हे यंत्र इतकं सुंदर चालतं की मी पहिल्या दिवशी विजेच्या बिलालाही फुलपाखरं पाडली.

आता प्रश्न आला हे सामान ठेवायचं कुठे. आमचं घर वन बीएचके. त्यात लग्नाच्या साड्या, आहेर आणि पत्रिकांचे गठ्ठे आधीच येऊन बसले होते. समोरच्या नमिताताई सल्ला द्यायला आल्या. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले होते. "कागद उभे ठेवायचे, आडवे ठेवले की वाकतात. आणि बारीकसारीक वस्तूंना कप्प्यांचा डबा हवा," असं त्यांनी सांगितलं. कागद उभे ठेवायला जागा फक्त गॅस सिलिंडरच्या मागे होती. कप्प्यांच्या डब्यासाठी मात्र मला फार शोधावं लागलं नाही. शुभानं नवा मिसळणाचा डबा घेतला होता आणि जुना ओट्याखाली रिकामा पडला होता. त्यात मी टिकल्या, मोती आणि काळे बारीक मणी अगदी व्यवस्थित लावून ठेवले.

दोन डबे सारखेच दिसत होते, हा माझा दोष नाही. रेवतीच्या सासूबाई याद्या करायला आल्या त्या सकाळी शुभानं पोह्यांची फोडणी टाकली. मोहरी तडतडेना. तिनं गॅस मोठा केला. तरी तडतडेना, उलट वितळायला लागली. घरभर प्लास्टिकचा वास सुटला आणि विहीणबाईंनी "आम्हाला नुसता चहा चालेल" असं फार समजूतदारपणे सांगितलं. त्यानंतर शुभा बरेच दिवस माझ्याशी फक्त रेवतीमार्फत बोलत होती.

म्हणून मी सामान घराबाहेर हलवलं. एक जुनं लोखंडी कपाट मिळवलं आणि आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये, भिंतीला चिकटून, कोणाच्या अध्यात ना मध्यात असं उभं केलं. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी अंबादास त्यावर नोटीस चिकटवून गेले. सार्वजनिक जागेत ज्वालाग्राही वस्तू ठेवल्याबद्दल. मी भेटायला गेलो.

"अंबादास, पॅसेजमध्ये तुमच्या नातवाची सायकल आहे."

"सायकल पेट घेत नाही."

"मग चपलांचं कपाट?"

"ते पूर्वीपासून आहे. अर्ज करा, कमिटीपुढे ठेवतो."

मी विमा कंपनीत आयुष्य घालवलेलं आहे. लोकांचे नुकसानभरपाईचे दावे तपासण्यात माझा हातखंडा होता आणि आगीच्या बाबतीत मला कोणी शिकवावं याचा राग आला. मी कागदाच्या ज्वलनशीलतेवर सविस्तर अर्ज लिहिला. त्याला नक्षीची पट्टीही लावली, कारण ती उरली होती. कमिटीनं अर्ज फेटाळला, पण अंबादासनी घरी येऊन मोलाचा सल्ला दिला. टेबलावर पसरलेले फोटो पाहून ते म्हणाले, "ओरिजिनल चिकटवताय? कॉपी काढून त्या लावा हो. हे फोटो लॉकरमध्ये ठेवा."

"मी पण तेच सांगतेय," शुभा आतून म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती थेट माझ्याशी बोलली.

या फोटोंच्या निगेटिव्ह आता नाहीत. आम्ही तळमजल्यावर राहायचो तेव्हा घरात पाणी शिरलं आणि पलंगाखालची ट्रंक भिजली, त्यात त्या गेल्या. अल्बम माळ्यावर होता म्हणून वाचला. रेवतीचं बारसं, पहिलं पाऊल, आणि माझ्या आईच्या मांडीवरचा तो एकुलता एक फोटो, हे सगळं जगात एकदाच होतं आणि ते माझ्या टेबलावर होतं. जन्मभर मी लोकांना म्हणत आलो की मूळ कागद कधी हातचे सोडू नयेत. पण त्या क्षणी मी काय म्हणालो? "मुलीला काय झेरॉक्स देऊ?" हे वाक्य मला तेव्हा फार बाणेदार वाटलं.

तर पुस्तक झालं. गरम गोंदानं दोन बोटं भाजली. कागदी शेवंती पहिल्यांदा कोबीसारखी झाली, नंतर सुधारून फ्लॉवरसारखी झाली. पण मुखपृष्ठावर सोनेरी कागदात कापलेली 'रेवती' ही अक्षरं अशी झकास बसली की मी पाणी प्यायला उठलो तरी वाट वाकडी करून बघून यायचो. रेवतीला दाखवायला गेलो तर ती ब्लाउजच्या फिटिंगला निघाली होती. "बाबा, सरप्राइज राहू दे ना. लग्नात बघेन," म्हणाली.

लग्नात तिनं पाहिलं नाही. कोणीच पाहिलं नाही. मी अक्षता पडल्यापासून पंगती उठेपर्यंत त्या स्टँडच्या आसपास, सहज उभा असल्यासारखा उभा होतो. लोक यायचे, कापसाच्या गणपतीला "वा" म्हणायचे आणि जेवायला जायचे. एक गृहस्थ थेट माझ्या पुस्तकापाशी आले. मी खाकरून पुढे झालो. त्यांनी हात धुवायची जागा विचारली. एका बाईंनी पर्समधलं काहीतरी शोधताना पाण्याचा पेला पुस्तकावर ठेवला, तो मी उचलून धरला, तर त्यांना मी वाढपी वाटलो. मग पाठवणीची घाई झाली, रडारड झाली आणि मी स्वतः इतका रडलो की पुस्तक डोक्यातून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शुभानं विचारलं, "रेवतीनं नेलं ना पुस्तक?" मला वाटलं होतं ते शुभाकडे आहे. रेवतीला फोन केला, तर तिला वाटलं होतं ते आमच्याकडे आहे. त्याच संध्याकाळी तिचं कोचीचं विमान होतं. मी हेमांगीताईंना फोन लावला.

"अय्या काका! तुमची ती जाड वही? आली वाटतं आमच्या सामानात. आमच्या माणसांना वाटलं नवीन आयटम आलाय."

"कुठे आहे ती?"

"आज अंधेरीला लग्न आहे ना, तिथे मांडली असेल," त्या सहज म्हणाल्या.

शुभा ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "सासूबाईंचा फोटो आहे त्यात." मी तिला एअरपोर्टवर परस्पर यायला सांगितलं आणि रिक्षा पकडली.

अंधेरीच्या हॉलच्या दारात गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुलीनं विचारलं, "काका, तुम्ही मुलीकडचे की मुलाकडचे?"

"रुखवताकडचा," असं म्हणून मी आत घुसलो.

आणि पाहतो तर काय, माझ्या पुस्तकाभोवती ही गर्दी! बायका एकमेकींच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. मुखपृष्ठावरच्या 'रेवती'वर वेल्क्रोची पट्टी होती आणि पट्टीवर लिहिलं होतं 'प्रांजल'. माझ्या मुलीच्या बारशाचा फोटो पाहून एक अनोळखी आजी म्हणत होत्या, "बघा, नवरी जन्मताच कशी टुकूटुकू बघतेय." काल कुठे होती ही माणसं? मला राग आला, आणि खरं सांगायचं तर छातीही थोडी फुगली.

"पण हा फ्लॉवर कशाला चिकटवलाय?" दुसरी म्हणाली.

"ती शेवंती आहे," माझ्या तोंडून निघून गेलं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. तेवढ्यात फेटा बांधलेल्या, घामाघूम झालेल्या एका गृहस्थांनी मला दंडाला धरून खांबामागे ओढलं. ते नवरीचे वडील, तुळशीदास. हेमांगीताईंनी त्यांना फोन करून माझी कल्पना दिली होती.

"साहेब, वही तुमचीच आहे, घेऊन जा. पण मुलाकडचे निघेपर्यंत थांबा. पाया पडतो."

"का?"

"आमच्या विहीणबाई, अंजनाबाई, वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या आहेत. मासळीचा मोठा धंदा. पोरांनी प्रेमानं जमवलंय, पण बाई एकदम सडेतोड. आल्या आल्या विचारलं, हे घरी केलंय की भाड्यानं आणलंय? मी घाबरून बोलून गेलो, प्रांजलच्या काकानं हातानं केलंय. आता त्या काकाला शोधतायत. साहेब, तासभर काका व्हा ना."

मी नाही म्हणणार होतो. पण तोवर पैठणी नेसलेल्या, नाकात ठसठशीत नथ घातलेल्या अंजनाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"यो काका काय?" त्यांनी विचारलं. "हात दाखव."

मी भाजलेली बोटं दाखवली.

"हां. यानंच केलंय," त्या म्हणाल्या आणि मला पुस्तकापाशी घेऊन गेल्या. "आता सांग. ही रडते कशाला?"

तो जुहूचा फोटो होता. मी सांगितलं की घोडागाडीत बसायचा हट्ट हिनंच धरला आणि बसल्यावर घोड्यानं शिंक दिली म्हणून रडली. बायका हसल्या. मी पान उलटलं. शाळेचा पहिला दिवस, डबा खाऊन झाल्यावर ही सुट्टी समजून घरी निघून आली होती. पुन्हा हसल्या. मला चढतच गेलं. काल ज्यासाठी दिवसभर उभा होतो ते आज आयतं मिळालं होतं, फक्त मुलगी चुकीची होती. मग आईच्या मांडीवरचा फोटो आला.

"ही कोण?"

"आजी," मी म्हणालो. पान उलटायचं मात्र विसरलो.

अंजनाबाईंनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. प्रांजलची आजी तिथे जिलेबी खात बसली होती. "ही तर निराली दिसते."

"तेव्हा बारीक होती," तुळशीदास पटकन म्हणाले.

अंजनाबाईंनी पुस्तक मिटून छातीशी धरलं. "फार चांगलं केलंय. यो बाकीचं रुखवत मागून टेम्पोनं पाठव. ही वही मी माझ्या हातानं नेणार. कोलीवाड्यात सगल्यांना दाखवायची हाय."

तुळशीदासांनी मला हात जोडले. माझा हात पुस्तकाच्या दुसऱ्या टोकाला होता. खिशात फोन वाजला. शुभा म्हणाली, "अहो, रेवती-कृणाल सासरहून, बोरिवलीहून निघालेत. मिळालं का?" माझ्या हातात ते अर्धं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, "बाई, ही माझी मुलगी आहे." विमा कंपनीत असली वाक्यं मी रोज बोलायचो. पण तुळशीदासांचे जोडलेले हात दिसले. काल याच वेळी मीही विहीणबाईंपुढे असाच, काही चुकलं तर नाही ना अशा तोंडानं उभा होतो. त्या माणसाला त्याच्या मुलीच्या लग्नात खोटा पाडायची माझी छाती झाली नाही. मी हात सोडला. माझा जीव तुटला, पण सोडला.

"आई, थांबा," मागून आवाज आला. नवरी, प्रांजल, स्टेजवरून खाली आली होती. नऊवारी सावरत ती सरळ आमच्यात घुसली आणि तिनं मुखपृष्ठावरची पट्टी खर्रकन ओढून काढली. खाली सोनेरी 'रेवती' निघाली.

"ही मी नाहीये. हे काका कोण तेही मला माहीत नाही. सगळं रुखवत भाड्याचं आहे. पप्पा तुम्हाला घाबरून बोलले. ते असे कधी खोटं बोलत नाहीत हो, त्यांना घाम फुटलाय बघा."

प्रितम, म्हणजे नवरदेव, आईकडे बघत उभा होता. अंजनाबाईंनी आधी पट्टी पाहिली, मग तुळशीदासांना आपादमस्तक न्याहाळलं.

"घोरा भाड्याचा," त्या सावकाश म्हणाल्या. "बँड भाड्याचा. माझ्या पोराचा कोट पण भाड्याचा, परत करायचाय. पोरगी तुझी हाय ना रे?"

"हो," तुळशीदास कसेबसे म्हणाले.

"ती भाड्याची नाय ना? मग झालं तर! रडतो कशाला?" आणि मग त्यांचा मोर्चा माझ्याकडे वळला. "आन् तुझी पोरगी कुठं हाय?"

"आज चाललीय. कोचीला. आत्ता एअरपोर्टवर."

"आन् तू हितं गोष्टी सांगतोस? ए लवू! गाडी काढ!"

लवू म्हणजे त्यांचा भाऊ आणि गाडी म्हणजे नवरदेवाची गाडी. मोगरा आणि गुलाबांनी नखशिखान्त सजवलेली, मागच्या काचेवर बदामात 'प्रांजल आणि प्रितम' लिहिलेली. अशा गाडीतून मी मांडीवर पुस्तक घेऊन सांताक्रूझच्या विमानतळावर उतरलो. आजूबाजूचे लोक नवरी बघायला थांबले होते. त्यांची फार निराशा झाली.

रेवती, कृणाल, शुभा सगळे ट्रॉलीपाशी उभे होते. मी घडलं ते धापा टाकत सांगितलं. कृणाल हसून हसून ट्रॉलीवर वाकला. रेवती हसली नाही. तिनं पुस्तक माझ्याकडून हातात घेतलं.

"बाबा, काल माझ्या लग्नात हे कोणीच पाहिलं नाही ना?"

"पाहिलं की. बरेच जण आले होते."

"मीसुद्धा नाही पाहिलं." तिचे डोळे भरून आले. "आता सांग. मला सगळं सांग."

तिथेच, बॅगांच्या मध्ये उभं राहून, मी सांगायला लागलो. बारसं सांगितलं. घोड्याची शिंक सांगितली. तिला ती आठवत नव्हती. आईच्या मांडीवरच्या फोटोपाशी आम्ही दोघंही थांबलो, आणि तिनं त्यावरून बोट फिरवलं. पोलीस शिट्ट्या मारत होता, लवू फुलांची गाडी हलवायला तयार नव्हता, कृणाल दोनदा घड्याळ बघून गेला. शाळेच्या पानावर आलो तेव्हा त्यानं हलकेच तिच्या खांद्याला हात लावला.

"बास," रेवतीनं पुस्तक मिटलं. "पुढचं तू तिकडे येऊन सांगायचं."

तिनं खांद्यावरची पिशवी उघडली. पुस्तक मावेना, म्हणून तिनं आतला शुभानं दिलेला डिंकाच्या लाडवांचा मोठा डबा बाहेर काढला, माझ्या हातात दिला, पुस्तक पिशवीत नीट उभं ठेवलं आणि आम्हा दोघांना मिठी मारून कृणालबरोबर आत गेली. काचेपलीकडे ती दिसेनाशी होईपर्यंत आम्ही हात हलवत राहिलो.

मी भीत भीत शुभाकडे पाहिलं. तिनं रात्र रात्र जागून केलेले लाडू माझ्या हातात परत आले होते. शुभानं पदरानं डोळे पुसले आणि माझ्या हातातल्या डब्याचं झाकण घट्ट लागलंय ना ते बघितलं.

"महिनाभर टिकतात हे," ती म्हणाली. "महिन्याच्या आतली कोचीची तिकिटं काढा."